पणजोबांचा माग: मृत्युपत्राआधी फेरफार बघा

इंग्रजी अमदानीत मृत्युपत्र करणारे बहुतेक मुंबईसारख्या शहरांतले. 1870 च्या हिंदू विल्स कायद्याने मुंबई शहरातल्या मृत्युपत्रांना प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणं) लागू झालं, ती दप्तरं हायकोर्टाकडची. गावाकडच्या घराण्याने मात्र तिथे वेळ घालवू नये. जुना सातबारा काढा. त्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक; फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ते फेरफार तहसील कार्यालयात किंवा ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शोधा. ‘अमुक मयत, वारस...’ या एका नोंदीत दोन पिढ्या सापडतात. ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ती आई) दिसलं तर वडील वारले तेव्हा मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता. मुलींची नावं बहुधा नसतातच. मोडीतल्या नोंदीसाठी जाणकार गाठा, अंदाजाने वाचू नका.