जुन्या संगणकाला एकच काम द्यावे

घरात पडून असलेला किंवा स्वस्तात मिळालेला जुना संगणक हाती आला की बहुतेक जण त्यावर पूर्वीसारखे सगळेच चालवून पाहतात आणि ब्राउझरमध्ये चार पाने उघडताच तो अडखळू लागला म्हणजे भंगारात काढायला निघतात. माझ्या मते चूक संगणकाची नसून त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेची असते. आधी काम ठरवावे, त्या एका कामापुरता संगणक सजवावा आणि बाकीचे सर्व काढून टाकावे. असे केल्यास दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही घरात नियमित उपयोगी पडते.

सध्या असे संगणक पुष्कळ मिळतात, त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. पुण्यात अशी खरेदी करायची असेल तर बुधवार आणि रविवारच्या जुन्या बाजारात नशीब अजमावता येते, परंतु तिथे यंत्र चालवून पाहण्याची सोय मिळेलच असे नाही. म्हणून निदान पहिल्या वेळी तरी जिथे विक्रेता यंत्र सुरू करून दाखवतो अशा दुकानातून घ्यावे. बायोसला (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही ना, मदरबोर्ड म्हणजे मुख्य पाटीवरील कपॅसिटर (छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले नाहीत ना आणि लॅपटॉप असल्यास त्याच्या तळाला फुगवटा नाही ना, एवढे अवश्य पाहावे. ३२-बिट (जुन्या पद्धतीच्या) प्रोसेसरचा किंवा २ जीबीपेक्षा कमी रॅम असलेला संगणक फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण त्याला चालणारी प्रणाली शोधण्यातच आपला वेळ जातो.

खर्च करायचाच तर तो प्रथम एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, करावा. २४० जीबीची साधी साटा (जुन्या यंत्रांतली नेहमीची जोडणी) एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आधी न बसवता चालवून पाहावी, वायफाय आणि आवाज नीट चालतो याची खात्री करावी आणि मगच ती बसवावी. तिला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढणे आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलणे ही कामेही याच वेळी उरकावीत.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग म्हणजे घरातल्या फोटोंचे कोठार. लग्नकार्ये, मुलांचे वाढदिवस, आजी-आजोबांचे आवाज हे सारे आज तीन-चार फोनमध्ये विखुरलेले असते आणि एक फोन बिघडला की त्यातले कायमचे जाते. यासाठी प्रणाली एसएसडीवर ठेवून साठवणीसाठी एक किंवा दोन टेराबाइटची नवी हार्ड डिस्क बसवावी. यंत्रासोबत आलेली जुनी डिस्क वापरायचा मोह झाला, तर तिच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या) तपासाव्यात आणि रीअलोकेटेड सेक्टरची, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या भागांची, संख्या शून्याहून अधिक दिसल्यास तिच्यावर काहीही महत्त्वाचे ठेवू नये. मग साम्बा या फाइल वाटणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एक सामायिक फोल्डर तयार करून त्याला पासवर्ड द्यावा. घरातल्या वायफायवरून फोनमधील एसएमबी (साम्बा वापरते ती पद्धत) चालवणाऱ्या फाइल मॅनेजरला तो दिसतो आणि दर रविवारी नवे फोटो त्यात वर्षानुसार टाकता येतात. मात्र एका डिस्कवरची एकुलती एक प्रत म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. महिन्यातून एकदा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात, शक्य असल्यास दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी, ठेवावी. हा फोल्डर राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडा करू नये.

यंत्र चोवीस तास चालू ठेवायचे असेल तर विजेचा हिशेब आधी करावा. मोठ्या खोक्याचा जुना डेस्कटॉप काही न करता ६० वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. कार्यालयांत वापरले जाणारे पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप १० वॅटवर चालत असल्यास तोच आकडा साधारण ७ युनिटांवर येतो. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत असल्याने ही भर बिलाच्या वरच्या टप्प्यात पडते. म्हणूनच मोठे खोके असेल तर ते फक्त रविवारी सुरू करावे. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाणे पुणेकरांना नवे नाही. त्यामुळे सतत चालणाऱ्या यंत्राच्या बायोसमध्ये वीज परत येताच सुरू होण्याची सोय चालू करावी आणि वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा देणारा छोटा यूपीएस जोडावा.

मुलांसाठीचा संगणक मुद्दाम इंटरनेटशिवाय ठेवता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात, किविक्स या इंटरनेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरमधून मराठी विकिपीडिया संपूर्ण साठवता येतो आणि लिब्रेऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकाने मराठी लिहिण्याचा सराव होतो. जाहिराती आणि सूचनांचा व्यत्यय नसल्याने मूल त्यावर बराच वेळ टिकते. दूरचित्रवाणीला जोडून चित्रफिती पाहण्यासाठीही जुने यंत्र चालते, फक्त फोर-केचा (अतिस्पष्ट चित्राचा) हट्ट धरू नये, कारण जुन्या प्रोसेसरमध्ये नव्या कोडेकांसाठी (चित्रफीत दाबून साठवण्याच्या पद्धतींसाठी) हार्डवेअरची सोय नसते.

जे यंत्र यांपैकी कशालाच उपयोगी पडत नाही, त्यातली रॅम आणि चांगली डिस्क काढून घ्यावी, उरलेले मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. फुगलेली बॅटरी टोचू, दाबू किंवा चार्ज करू नये. ती वेगळी ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे, तशी स्पष्ट कल्पना देऊन, सोपवावी.