डिले लिमिट सांभाळून मल्टिकास्ट ट्री कसं बांधायचं

मल्टिकास्टवर (म्हणजे एकाच सोर्सकडून एकदम अनेकांना डेटा पाठवणं) प्रोजेक्ट घेतला की बरेच जण थेट जेनेटिक अल्गोरिदमवर उडी मारतात, प्लीज तसं करू नका, आधी दोनदा डायक्स्ट्रा (सगळ्यात कमी वजनाचे रस्ते शोधणारा अल्गोरिदम) चालवून काय हाती लागतं ते बघा. प्रॉब्लेम असा की एक सोर्स, बरेच रिसीव्हर, प्रत्येकापर्यंतचा डिले लिमिटच्या आत हवा (व्हॉइससाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका बाजूने १५० मिलिसेकंद हा आकडा आहे) आणि ट्रीची एकूण कॉस्ट कमीत कमी. डिलेची अट काढली तरी उरतं ते स्टायनर ट्री (ठरलेले नोड कमीत कमी कॉस्टमध्ये जोडणारं ट्री), आणि ते एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढायची पद्धत कोणाला माहीत नाही, हे कार्पने १९७२ मध्येच दाखवलंय, म्हणून तर ह्युरिस्टिक, म्हणजे झटपट पण जवळपास चांगलं उत्तर देणारी पद्धत.

सुरुवातीला ज्या लिंकवर पुरेशी बँडविड्थ नाही त्या सरळ उडवा. मग डिलेवर डायक्स्ट्रा चालवा, एखादा रिसीव्हर यातही लिमिटबाहेर गेला तर त्याच्यासाठी कुठलाच अल्गोरिदम काही करू शकत नाही, तिथेच थांबा. मग कॉस्टवर डायक्स्ट्रा, जे लिमिटमध्ये बसले त्यांचे रस्ते ठेवा, जे नाही बसले त्यांना डिलेवाले रस्ते द्या आणि दोन्ही जोडा. जोडताना एखाद्या नोडला दोन पेरेंट आले तर डिलेवाला ठेवायचा, त्याने खालच्या कोणाचाच डिले वाढत नाही, त्यामुळे अट मोडत नाही.

आता हे कागदावर करून बघा, कंटाळा करू नका. कंसात कॉस्ट आणि मिलिसेकंद: स-अ (२, ३०), अ-ब (२, ४०), ब-क (१, ५०), अ-क (४, ६०), स-क (८, ६०). सोर्स स, रिसीव्हर ब आणि क, लिमिट १००. स्वस्तात ब ७० मध्ये मिळतो, पण क ला ब वरून जाताना १२० होतात, म्हणून क ला थेट स-क द्यावी लागते आणि कॉस्ट होते १२. पण स-क काढून अ-क टाकली तर क ९० मध्ये पोचतो आणि कॉस्ट फक्त ८! वरची पद्धत हे का चुकवते, कारण तिला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फास्ट हे दोनच रस्ते दिसतात, मधला दिसतच नाही.

म्हणून शेवटी अदलाबदलीची पायरी घालाच: ट्रीमधला महागडा तुकडा काढायचा, दोन भाग जोडणारा त्याहून स्वस्त रस्ता शोधायचा, सगळे रिसीव्हर लिमिटमध्ये असतील तरच घ्यायचा, आणि काही सुधारेनासं झालं की थांबायचं. १९९५ च्या बीएसएमए या मल्टिकास्ट अल्गोरिदमचा गाभा हाच, फक्त तो सुरुवात कमीत कमी डिलेच्या ट्रीपासून करतो.

टेस्टिंगला वॅक्समनचे १९८८ चे रँडम ग्राफ (नोड आणि लिंक रँडम टाकून बनवलेली नकली नेटवर्क) घ्या, आणि लिमिट घट्ट-सैल करत चालवा, कारण लिमिट फार सैल ठेवलं तर डिलेची अट नावालाच उरते आणि अल्गोरिदममधला फरक कळतच नाही.