कानबाईच्या आधी कोळ्यांचे फोटो

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसायच्या आठवडाभर आधी आमच्या अमळनेरच्या घरात लांब काठीचा झाडू फिरतो. माझी घाई त्याच्या आधीची. न्हाणीघराच्या खिडकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत जेवढे कोळी सापडतील तेवढे टिपून घ्यायचे. मी स्टुलावर, आई खाली. "जाया काढानं सोडीसन फोटू काय काढी ऱ्हायना रे?"

सगळे आधी लेन्सचंच विचारतात. माझ्याकडे मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स, नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स उलटी लावतो. त्यासाठी रिव्हर्स रिंग मिळते, काही शे रुपयांत. रिंग घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवरचा आकडा बघा, माझ्या लेन्सवर ५८ (मिमी) आहे. उलट्या लेन्सचा हिशोबही उलटा: १८वर कोळी जास्त मोठा दिसतो, ५५वर कमी. नवीन असाल तर ५५वरच ठेवा, नाहीतर फ्रेममध्ये कोळी शोधण्यातच सकाळ जाईल.

ऑटोफोकस विसरा. अ‍ॅपर्चरही, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्समधलं भोक, हातातून जातं. त्यावर कॅननवाल्यांची युक्ती अशी: लेन्स सुलटी असतानाच एफ ८ किंवा ११ (आकडा मोठा, भोक लहान) ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (भोक त्या आकड्यावर आणणारं) दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. आतल्या पाकळ्या तिथेच थांबतात. उलटी लावल्यावर लेन्सची मागची काच उघडी पडते, आणि आपल्याकडची धूळ तर माहीतच आहे. मागचं झाकण मधून कापून तिथे बसवा. मी पहिल्या वर्षी बसवलं नव्हतं; एक पठ्ठ्या उडी मारून थेट काचेवर जाऊन बसला होता.

तो पठ्ठ्या म्हणजे भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी. सुरुवात याच्यापासूनच करा. आमच्याकडे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला प्लेक्सिपस नावाच्या कोळ्याचा नर असतो, मादी तपकिरी. शिकारीसाठी जाळं विणत नाही, माशी हेरतो आणि झेपावतो. डोळे आठ, त्यातले पुढचे मधले दोन टपोरे. फोकस त्या दोघांवर, बाकी काही धूसर झालं तर होऊ द्या. नजर तेज असल्यामुळे तो आपल्याकडेही वळून बघतो. पळाला तर पाठलाग करू नका. थांबा, आणि कॅमेऱ्याजवळ एक बोट हळूच हलवा. बहुतेकदा वळतो. वरून काढलेला फोटो म्हणजे नुसता पाठीवरचा डाग. गाल भिंतीला टेकेल इतकं खाली जाऊन त्याच्या समोर या. डावा हात भिंतीवर टेकवा, त्यावर लेन्स ठेवा आणि लेन्सवरची रिंग न फिरवता स्वतःच केसभर पुढेमागे व्हा. श्वास सोडताना क्लिक. माझ्या तीसातले दोन-तीन जमतात.

पण खरी मेख उजेडात आहे. एफ ११वर घरात अंधारच, म्हणून फ्लॅश हवा. आणि नुसता फ्लॅश मारला की त्या काळ्या डोळ्यांत भगभगीत पांढरा ठिपका उमटतो. माझा डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा, मिठाईच्या खोक्याचा आहे. आतून चांदीचा कागद, तोंडाला बटर पेपरच्या दोन घड्या, आणि तो कोळ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका. मॅन्युअल मोड, शटर १/१६०, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/८पासून सुरू करून वरखाली करा.

बाहेरच्या कोळ्यांना झाडूची भीती नाही, त्यामुळे ते कानबाईनंतर. बांधावरच्या झुडपांत अर्जिओपी नावाची कोळीण सापडते: जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली, तिच्यावर डोकं खाली करून मादी, पाय जोडीजोडीने फुलीच्या रेषेत. नर तिच्यापुढे अगदीच चिमुकला. जाळ्याला धक्का लागला की ती गदागदा झुलायला लागते, मग फोटो विसरा. लांबचं झुडूप फ्लॅशमध्ये काळंकुट्ट येतं. वीतभर मागे हिरवं पान धरायला कुणाला तरी उभं करा. जाळ्यावर पावडर टाकू नका, आणि कोळी शांत बसावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवायचा उद्योग तर मुळीच नको.

पान धरायला हल्ली आईच येते. न्हाणीघरातली जाळी मात्र तिने सोडलेली नाहीत.