लेकरांना आगीचं शिकवताना या चुका टाळा

सगळ्यात वाईट चूक म्हणजे धाक. "आगपेटीले हात लावशीन तर हात तोडीन!" हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यानं लेकरू आगपेटी सोडत नाही, लपून काडी ओढायला शिकतं.

आमच्या गावची गोष्ट. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरलेला. पोरानं काडी ओढली, गंजीचा कोपरा पेटला. बाहेर गलका, "कोणं लावली?" पोरगं दिवाणाखाली शिरलं. माय नाव घेऊन हाका मारत होती, यानं ओ दिली नाही. धुरापेक्षा माराची भीती जास्त. बुडीला त्याचा पाय दिसला म्हणून वाचलं. (वरून पाणी मारलं तरी कापूस आत धुमसत राहतो, मध्यरात्री त्या घरातून पुन्हा धूर निघाला.) म्हणून मी आधी एवढंच शिकवते : आग कोणीही लावलेली असो, बाहेर पळ आणि ओरड, मार बसणार नाही. घरच्यांकडूनही तसं कबूल करून घेते. ते जास्त कठीण जातं.

दुसरी चूक, नुसतं तोंडी शिकवणं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की काम झालं समजणाऱ्या आईबापांपुढे मी हात टेकले. रात्री लाइन गेल्यावर कुठला व्हिडिओ आठवणार? मी डोळ्यांना दुपट्टा बांधून लेकरांना दारापर्यंत रांगत जायला लावते, कारण धूर वर चढतो आणि त्यातल्या त्यात बरी हवा खाली असते. दाराबाहेर पडलं की थेट हापशीजवळ, सगळ्यांनी तिथंच जमायचं. दारात पऱ्हाटीचा भारा नाहीतर मोटरसायकल आडवी असेल, तर तेही याच खेळात उघडं पडतं.

एका रविवारी सगळं उरकायची घाई नको. चार वर्षांच्या लेकराला एका वेळी एकच गोष्ट.

कपडे पेटले तर धावायचं नाही. थांब, पड, लोळ.

भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी.

संकटात मदत मागायचा 112 नंबर पोरं पोपटासारखा म्हणतात, पण गाव-तालुका विचारला की गप्प. नंबर आणि पत्ता एका दमात पाठ करवा.

सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर मात्र रांगणं चालत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. लाइटच्या बटणाला हात न लावता उभ्यानं बाहेर यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. गॅसगळतीच्या 1906 नंबरला फोन मोठे करतील, तोही अंगणातून.