फोनला कुलूप लावण्याआधी पंधरा दिवस वही ठेवा

माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. एका रविवारी हातातल्या फोनवर बीजीएमआय हा बंदुकीच्या लढाईचा गेम चालू असताना त्याने धाकट्या बहिणीला ढकललं. ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि कपाळाला तीन टाके पडले. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर माणसं मारतंय पोरगं, दुसरं काय होणार?" मलाही तेच वाटलं. फोन कपाटात गेला. पण चौथ्या दिवशी, गेम नसतानाही, त्याने भरलं ताट सरकवून दिलं. तेव्हा मी वही काढली.

तुमच्याही घरी असं होत असेल तर आधी हेच करा. मुलाचा प्रत्येक भडका लिहा: वेळ, त्याआधी काय खाल्लं, रात्री किती झोपला, कोण काय बोललं. गेम चालू होता का, हेही. पंधरा दिवसांत माझ्याकडे अकरा नोंदी झाल्या. सात संध्याकाळी सहा ते साडेसातमधल्या, म्हणजे क्लासहून उपाशी आल्यावरच्या. दोन मी मॅच चालू असताना फोन ओढला तेव्हाच्या. उरलेल्या दोन्ही वेळी हेडफोनमधून कुणीतरी त्याला घाण बोलत होतं.

गेमचा काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. 2018 मध्ये 24 अभ्यासांचा, सतरा हजारांहून जास्त मुलांचा एकत्रित आढावा निघाला. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे मारामारी थोडी वाढलेली दिसली, पण हा परिणाम लहान होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये 14-15 वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलं किती आक्रमक आहेत हे त्यांनी पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत श्रेणीवरून ठरवलं. त्यांना संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये स्पष्ट केलं, की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणून मी पडद्यावरच्या बंदुकीपेक्षा वहीतल्या रकान्यांकडे बघायला लागले.

आता पुढचं. क्लासहून आला की आधी खायला द्या. पोहे, पोळीचा लाडू, काहीही. बोलणं नंतर. क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि मधूनच सोडली तर बाकीच्या तिघांचा स्क्वॉड, म्हणजे त्याचा संघ, अडचणीत येतो. म्हणून "बंद कर" असं मध्येच ओरडू नका. मॅच सुरू होण्याआधीच "ही शेवटची" असं ठरवून घ्या. चालू असेल तर "कितवा झोन?" एवढंच विचारा. खेळायची जागा टप्प्याटप्प्याने लहान होत जाते, म्हणून झोनवरून मॅच किती उरली ते कळतं. मी हे विचारलं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

18 वर्षांखालच्या मुलांसाठी बीजीएमआयमध्येच दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मात्र नोंदणी करताना वय काय टाकलंय ते स्वतः तपासा, कारण मुलं सर्रास खोटं टाकतात. माझ्या मते शाळेच्या दिवशी तीन तासही फार झाले. आमच्याकडे दोन मॅच. रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझाही.

सगळ्यात महत्त्वाचं हेडफोनचं. आठवडाभर गेम हॉलमध्ये, स्पीकरवर खेळू द्या आणि भाजी निवडत शेजारी बसा. पलीकडून कोण, कोणत्या भाषेत बोलतंय ते कळेल. मग एकटा सापडला की विचारा. मी स्कूटरवर विचारलं, तोंड समोर नसलं की मुलं बोलतात. त्या रविवारी वर्गातल्या मुलांनी त्याला "नूब", म्हणजे खेळता न येणारा, म्हणत स्क्वॉडमधून काढलं होतं. वर्गातही महिनाभर त्याच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. मी त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटले ते यासाठी, गेमसाठी नाही.

मूल गेमशिवायही मारत असेल, प्राण्यांना इजा करत असेल, शाळा किंवा झोप सुटली असेल, तर वहीवर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आणि चोवीस तास चालू असतो. समुपदेशकाकडे जाताना वही सोबत न्या.