एक रजा, चार दिवस गावी

वर्षाच्या रजा अशाच कुठेतरी संपतात आणि गावी जायची वेळ आली की शिल्लक शून्य. मी आता डिसेंबरातच कालनिर्णय घेऊन बसतो.

१. आधी तारखेने ठरलेल्या सुट्ट्या बघा. २०२७ मध्ये १ मे, २ ऑक्टोबर आणि नाताळ तिन्ही शनिवारी, १५ ऑगस्ट रविवारी. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांसाठी त्या गेल्याच!

२. मंगळवार किंवा गुरुवारच्या सुट्टीवर लाल गोल करा. २६ जानेवारी २०२७ मंगळवारी आहे. सोमवारी २५ ला रजा टाकली की २३ ते २६, सलग चार दिवस. २३ तारीख चौथा शनिवार असल्यामुळे बँकवाल्यांनाही जमेल.

३. बुधवारच्या सुट्टीला दोन रजा लागतात, पण पाच दिवस मिळतात. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती त्या वर्षी बुधवारी आहे.

४. अर्ज लगेच टाका, कारण त्याच सोमवारवर सगळ्या ऑफिसचा डोळा असतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवार २२ जानेवारीच्या रात्रीच्या गाडीसाठी २३ नोव्हेंबरला सकाळी आठला तयार राहा.

एक मात्र एचआरला विचारून घ्या: 'सँडविच'चा नियम आहे का? असेल तर शुक्रवार आणि सोमवार दोन्हीकडे रजा घेतल्यावर मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात. माझ्या दोनाच्या चार झाल्या होत्या.