ऑनलाइन कॅसिनोच्या प्रमाणपत्राची पडताळणी कशी करावी

कॅसिनोच्या संकेतस्थळावर तळाशी झळकणारी, खेळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मोहर हे शेवटी एक चित्र असते, आणि ते कोणालाही उतरवून घेता येते. म्हणून मोहरेवर क्लिक केल्यावर प्रमाणपत्र कॅसिनोच्याच पानावर उघडले, तर त्यावर विसंबू नये. ईकोग्रा किंवा जीएलआय यांसारख्या प्रयोगशाळेचे संकेतस्थळ स्वतः पत्ता टाकून उघडावे आणि परवानाधारक कंपनीचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता, तपासलेल्या खेळाची आवृत्ती व तपासणीची तारीख यांपैकी जे तेथे दिलेले असेल ते ताडून पाहावे. परवान्याची खातरजमाही अशीच मूळ ठिकाणी करावी. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत कंपनीवर झालेली कारवाईसुद्धा वाचायला मिळते.

यानंतर प्रमाणपत्र नेमके कशाचे आहे, हे पाहावे. बहुतेक वेळा ते यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या प्रणालीचे, म्हणजे आरएनजीचे असते, आणि आकड्यांच्या क्रमात अंदाज बांधता येण्याजोगा साचा आढळला नाही एवढेच ते सांगते. खेळाडूच्या पदरात किती पडेल, हा प्रश्न वेगळा आहे. एका शून्याच्या रूलेटमध्ये 37 घरे असतात व एका आकड्यावर जिंकल्यास लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या 35 पट मिळतात, त्यामुळे लावलेल्या रकमेपैकी सरासरी 2.70 टक्के कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यांच्या चाकावर हाच वाटा 5.26 टक्के होतो. दोन्ही चाके तितकीच प्रामाणिक असू शकतात, हे जाहिराती सहसा सांगत नाहीत.

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न असा, की तपासलेली आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली एकच आहे का? अमेरिकेतील लॉटरीच्या संगणकांत एडी टिप्टन या आतल्याच कर्मचाऱ्याने अशी आज्ञावली घुसवली होती, की वर्षातील ठरावीक दिवशीच आकड्यांचा अंदाज बांधता यावा. 2017 मध्ये त्याला कमाल 25 वर्षांची शिक्षा झाली. एरवीच्या दिवशी घेतलेल्या चाचणीत अशी लबाडी सापडणे कठीण. त्यामुळे मंजूर फाइलची डिजिटल स्वाक्षरी (फाइल जराही बदलली की न जुळणारी खूण) चालू फाइलशी किती वेळा ताडली जाते आणि प्रत्यक्ष परताव्यावर त्रयस्थाची देखरेख आहे का, हे कॅसिनोला लेखी विचारावे. गोलमोल उत्तर आले, तर तेही उत्तरच समजावे.

काही ठिकाणी निकाल ज्यावरून काढला जातो त्या सर्व्हरच्या गुप्त बीजाचा, म्हणजे सुरुवातीच्या मूल्याचा, हॅश (त्या मूल्यावरून काढलेला, पण उलट फिरवून मूल्य न कळणारा ठसा) डाव लावण्यापूर्वी दाखवतात आणि बीज नंतर उघड करतात. असे असेल तर निकालात मिसळले जाणारे खेळाडूचे, म्हणजे आपले, बीज स्वतः बदलावे, उघड झालेल्या बीजाचा हॅश स्वतंत्र साधनाने काढून आधीच्या हॅशशी जुळवावा आणि दोन्ही बीजे व डावाचा क्रमांक वापरून निकालही पुन्हा काढून पाहावा. सारे जुळले, तर डाव लावल्यानंतर निकाल बदललेला नाही एवढे सिद्ध होते. परताव्याचे प्रमाण मात्र खेळाच्या नियमांतूनच तपासावे लागते.